घोळणा फुटतोय, म्हणून स्प्रे सोडू का?

पत्र:

नमस्कार डॉक्टर,

मी ३९ वर्षांची आहे. पाथर्डी फाट्याला राहते, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम बघते. काही वर्षांपासून पावसाळा सरत आला की माझ्या शिंका सुरू होतात, डोळे खाजतात, रात्री नाक पूर्ण चोंदतं. निफाडला सासरी गेलं आणि कांद्याच्या चाळीत पाऊल टाकलं की विचारायलाच नको. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी फ्लुटिकासोनचा स्प्रे दिला. गुण छान आला, झोप लागू लागली. पण हल्ली उजव्या नाकपुडीतून अधूनमधून रक्त येतं. फक्त उजव्याच. शिवाय स्प्रे मारला की फुलांसारखा वास येतो आणि डोकं जड होतं.

सासूबाई म्हणतात, "स्टिरॉइड आहे ते, फेकून दे." गुडघ्यांसाठी कुणाकडून तरी पुड्या घेतल्या आणि त्यांचा चेहरा सुजला, शुगर वाढली. त्यांना काचबिंदूही आहे, त्यामुळे डोळ्यांचीही धास्ती वाटते. आमच्या आठ वर्षांच्या मुलालाही मोमेटासोनचा स्प्रे दिलाय, सोबत मॉन्टेलुकास्टची गोळी, आणि थंडीत बालदम्याचा पंप असतो. त्याची उंची खुंटेल का? मिस्टर वर्षभर मेडिकलमधून दुसरेच थेंब आणून घालतात. दोन मिनिटांत नाक मोकळं होतं, त्यात स्टिरॉइडही नाही, तर तूही तेच घे, असं म्हणतात. आणि या स्प्रेची सवय लागते का? मी काय करू?

– एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, आधी रक्ताचं बोलू, कारण तेवढ्यासाठी तुम्ही स्प्रे सोडायच्या बेतात आहात. रक्त फक्त उजव्या नाकपुडीतून येतं हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत, ते फार कामाचं आहे. तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल आणि दोन्ही नाकपुड्यांत उजव्याच हाताने स्प्रे मारत असाल, असा माझा अंदाज आहे. बाटली हातात घेऊन आरशासमोर उभ्या राहा आणि नेहमीसारखी धरून बघा. उजवा हात उजव्या नाकपुडीशी नेला की मनगट असं वळतं की बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्यावर रोखलं जातं. तोच हात डाव्या नाकपुडीकडे नेला की तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डाव्या कानाकडे जातं. म्हणजे डावीकडे औषध जिथे जायला हवं तिथे जातंय, आणि उजवीकडे रोज एकाच जागी, पडद्यावर, फवारा बसतोय.

पडद्याचा तो पुढचा, खालचा भाग फार नाजूक असतो. चार-पाच रक्तवाहिन्या तिथे येऊन एकमेकींना मिळतात आणि वरचं अस्तर अगदी पातळ असतं. लहान मुलांचा उन्हाळ्यात घोळणा फुटतो तोही बहुतेक इथूनच. रोज त्याच ठिकाणी फवारा बसला, वर बाटलीचं टोक घासलं, की आधी कोरडेपणा येतो, मग खपली धरते, खपली निघाली की रक्त येतं. ओपीडीत माझी पद्धत अशी आहे की स्प्रेची तक्रार घेऊन आलेल्या पेशंटला मी त्यांचीच बाटली हातात देते आणि माझ्यासमोर एकदा मारायला सांगते. बहुतेक जण मान मागे टाकतात, टोक सरळ आत खुपसतात, आणि फवारा सुटताच जोरात आवाज करत श्वास ओढतात. तिन्ही गोष्टी चुकतात, आणि यात पेशंटचा दोष नाही. चिठ्ठीवर "दोन पफ, दोन्ही बाजूंना" एवढंच लिहिलेलं असतं.

तर पद्धत अशी. आधी मिठाच्या पाण्याचा साधा स्प्रे मारून किंवा हलकं शिंकरून नाक साफ करा. बाटली हलवा. मान किंचित पुढे झुकवा, नजर आपल्या पायांच्या बोटांवर. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. टोक जेमतेम आत, आणि रोख त्याच बाजूच्या कानाकडे. दाबताना श्वास अगदी हळू आत घ्या, फुलाचा वास घेतो तितकाच. औषध घशात उतरून कडू लागलं तर श्वास जोरात ओढला गेला असं समजा. नंतर लगेच नाक शिंकरू नका. नवी बाटली असेल किंवा आठवडाभर वापरली नसेल तर आधी हवेत दोन-चार वेळा दाबून, बारीक धुकं नीट येतंय ना ते बघा. भोक बुजलं तर टाचणी घालू नका. भोक मोठं झालं की धुक्याऐवजी धार बसते. टोक काढून कोमट पाण्याने धुवायचं आणि वाळवून परत लावायचं.

सध्या उजवीकडचा स्प्रे तीन-चार दिवस थांबवा, डावीकडचा चालू ठेवा. उजव्या बाजूला दिवसातून तीन-चार वेळा मिठाच्या पाण्याचा स्प्रे, आणि रात्री बोटाच्या टोकावर मूगभर पेट्रोलियम जेली घेऊन नाकपुडीच्या आत, अगदी कडेला लावा. साजूक तूप लावलंत तरी चालेल, फक्त कडेला बोटाने. नाकात तेल-तूप ओतू नका, लहान मुलाच्या तर नाहीच, कारण ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं. नखाने खपली काढू नका. मग नव्या पद्धतीने स्प्रे पुन्हा सुरू करा. बहुतेकांचं रक्त यानेच थांबतं.

आणि रक्त आलंच तर? आपल्याकडे घोळणा फुटला की कांदा फोडून हुंगायला देतात, डोक्यावर पाणी थापतात, मान वर करायला लावतात. निफाडच्या घरात कांद्याला काय तोटा! पण कांद्याने रक्त थांबत नाही, आणि मान वर केली की तेच रक्त पोटात जाऊन उलटी होते. खुर्चीत बसायचं, पुढे झुकायचं, नाकाचा खालचा मऊ भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घट्ट धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मध्येच सोडून "थांबलं का" म्हणून बघायचं नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही, तर दवाखाना गाठायचा. तुमचं बीपी गेल्या वर्षभरात कुणी तपासलं नसेल तर तेही एकदा बघून घ्या.

फुलांचा वास तुमच्या मनाचा खेळ नाही. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या स्प्रेमध्ये फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाचा घटक असतो, त्याचा वास गुलाबासारखा येतो. काहींना त्याने आणि सोबतच्या बेन्झाल्कोनियम क्लोराइड या टिकवणाऱ्या रसायनाने नाक चुरचुरतं, मळमळतं. डोकं दुखणं हा या स्प्रेंचा नोंदलेला त्रासही आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगा. फ्लुटिकासोन फ्युरोएट हा त्याच घराण्यातला वास नसलेला प्रकार मिळतो. एवढ्याशा कारणासाठी किती जण मुकाट्याने स्प्रे सोडतात आणि पुन्हा नाक बंद होऊन रात्र रात्र जागतात, याचं मला फार वाईट वाटतं. बाटली बदलून मिळते, फक्त मागावी लागते.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. स्टिरॉइडने काय होतं ते त्यांनी स्वतःच्या अंगावर बघितलंय. गुडघ्याच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन मिसळलेलं असल्याचे प्रकार आपल्याकडे पुन्हा पुन्हा उघडकीला येतात. गुण झटकन येतो, आणि काही महिन्यांत चेहरा गोल होतो, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, कातडी पातळ होऊन साध्या धक्क्याने काळीनिळी पडते. त्या अजूनही पुड्या घेत असतील तर आज ठरवून उद्या बंद करू नका. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, आणि एकदम थांबवलं तर बीपी घसरून जिवावर बेतू शकतं. फिजिशियनकडे न्या, ते हळूहळू कमी करतील. तुमच्या स्प्रेपेक्षा या कामाची मला जास्त घाई वाटते.

पुडीतलं स्टिरॉइड आणि तुमच्या बाटलीतलं स्टिरॉइड यांत फरक काय, तर किती, कुठे आणि किती दिवस, हा. प्रेडनिसोलोनची एक साधी गोळी १० मिलिग्रॅमची, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅमची असते, आणि ती पोटातून सगळ्या शरीरात जाते. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट किंवा मोमेटासोनच्या स्प्रेचा मोठ्यांचा नेहमीचा दिवसाचा डोस २०० मायक्रोग्रॅम, दोन्ही नाकपुड्या धरून. नुसते आकडे शेजारी ठेवणं पुरतं न्याय्य नाही, हेही सांगते, कारण स्प्रेमधली औषधं मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम धरली तर गोळीपेक्षा बरीच जोरदार असतात. म्हणून खरा प्रश्न रक्तात किती उतरतं हा. नाकात मारलेल्या फवाऱ्याचा मोठा भाग घशातून पोटात जातो. नव्या पिढीच्या औषधांचा तो भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करून टाकतं. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन फ्युरोएट रक्तात साधारण एक टक्क्याहून कमी पोचतं, फ्लुटिकासोन प्रोपिओनेट दोन टक्क्यांच्या आत. जुनी बेक्लोमेथासोन आणि बुडेसोनाइड याहून बरीच जास्त, डोसच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा वरही पोचतात. म्हणून सगळे स्प्रे एका मापाने मोजता येत नाहीत, आणि "स्टिरॉइड आहे का" एवढं विचारून भागत नाही. नाव विचारा.

या स्प्रेने नाकाचं अस्तर झिजून जातं, असंही तुमच्या कानावर आलं असेल. वर्षभर मोमेटासोन वापरलेल्यांच्या नाकातल्या अस्तराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आहेत. अस्तर पातळ झालेलं दिसलं नाही, उलट ॲलर्जीची सूज उतरलेली दिसली. पडद्याला भोक पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, पण त्या फार विरळ आहेत आणि त्यांतही फवारा सतत पडद्यावर बसणं हे एक कारण मानलं जातं. म्हणून हाताची अदलाबदल मी एवढ्या विस्ताराने सांगितली. तुमच्या नाकातून श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला, किंवा खपल्या जाड होत चालल्या, तर थांबू नका, दाखवा.

डोळ्यांचं. स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, हे गोळ्यांबद्दल आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल पक्कं आहे. नाकाच्या स्प्रेच्या अभ्यासांत नेहमीच्या डोसला असा ठळक धोका दिसलेला नाही, तरी ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगूनच वापरावा आणि दाब मोजत राहावं. पण काचबिंदू सासूबाईंना आहे. त्यांचं तुमचं रक्ताचं नातं नाही, त्यामुळे त्यांच्या काचबिंदूने तुमचा धोका वाढत नाही. मिस्टरांचा वाढतो. आईला काचबिंदू असेल तर मुलाने चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्यायलाच हवी, स्प्रे असो वा नसो. काचबिंदू सुरुवातीला काहीच कळू देत नाही. तेवढी एक तपासणी या पत्राच्या निमित्ताने होऊन जाऊ दे. आणि सासूबाईंना सर्दी झाली म्हणून तुमची बाटली त्यांना देऊ नका. एक बाटली एकाच नाकाची.

मुलाच्या उंचीचा प्रश्न तुमच्या पत्रात एका ओळीत उरकला आहे, पण तुमची खरी काळजी तीच आहे असं मला वाटलं. म्हणून जे माहीत आहे ते सगळं सांगते. बेक्लोमेथासोनचा स्प्रे दिवसातून दोनदा, वर्षभर घेतलेल्या मुलांची वाढ, औषध नसलेला स्प्रे घेतलेल्या मुलांपेक्षा त्या वर्षात साधारण ०.९ सेंटिमीटरने कमी भरली होती. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर मुलांसाठी हे औषध मागे पडत गेलं. फ्लुटिकासोन फ्युरोएटच्या तशाच वर्षभराच्या अभ्यासात फरक पाव सेंटिमीटरच्या आसपास होता. मोमेटासोन दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रत्येक नाकपुडीत एकच पफ, वर्षभर दिलं तेव्हा वाढीत घट दिसली नाही. तुमच्या मुलाला मोमेटासोनच दिलंय, ही निवड चांगली आहे. एकच पफ चाललाय ना, तेवढं बाटली आणि चिठ्ठी समोर ठेवून बघा. घाईच्या सकाळी मोठ्यांचा हिशेब मुलाला लागल्याचं मी बघितलंय.

त्याच्या बाबतीत मला लक्ष द्यावंसं वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. थंडीत त्याला पंप असतो. निफाडचा पारा उतरला की इथल्या बालदम्याच्या मुलांचे पंप बाहेर निघतात, हे दरवर्षीचं आहे. बालदम्याच्या रोजच्या पंपात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. नाकाचा स्प्रे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दिला, पंप बालरोगतज्ज्ञांनी दिला, आणि त्वचेवर खाज आली म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी मलम दिलं, तर तिघांनाही आपापला डोस कमीच वाटतो. बेरीज कुणीतरी करायला हवी, आणि ती बालरोगतज्ज्ञांनी करावी. यातलं काहीही तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. पंप तर मुळीच नाही. दम्याचा झटका हा मुलासाठी अर्धा सेंटिमीटर उंचीपेक्षा फार मोठा धोका आहे. शिवाय रात्रभर तोंडाने श्वास घेणारं, घोरणारं, अर्धवट झोपलेलं मूल नीट वाढत नाही, शाळेत पेंगतं. नाक मोकळं ठेवणं हेही वाढीचंच काम आहे.

उंची घरी मोजा. दाराच्या चौकटीला पाठ लावून, अनवाणी, टाचा आणि डोकं चौकटीला टेकवून, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलची खूण करा, शेजारी तारीख लिहा. दर तीन महिन्यांनी एक खूण पुरे. दर आठवड्याला मोजलं तर उगाच जीव घाबरा होईल, कारण आठवड्यात दिसण्याइतकी वाढ होत नसते. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. वर्षात चारच्या खाली दिसली तर त्या खुणा घेऊन डॉक्टरांकडे जा. कारण स्प्रेच असेल असं नाही, पण शोधायला हवं.

मॉन्टेलुकास्टबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, कारण ती गोळी आहे, तिच्या नावात स्टिरॉइड नाही. मी मात्र तिच्याबद्दल विचारते. मुलगा हल्ली रात्री दचकून उठतो का? चिडचिड, रडारड, एकाएकी भीती, असं काही? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर सगळ्यात कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. वागणुकीतले बदल, वाईट स्वप्नं, नैराश्य, आत्महत्येचे विचार, असं त्यात आहे. नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी बाकीच्या औषधांनी भागत नसेल तरच ते द्यावं, असंही म्हटलंय. बहुतेक मुलांना काही होत नाही, आणि दम्यासाठी त्याचा उपयोग आहे. पण महिनोन्महिने चालू असेल, तर ते अजून हवंय का, हे पुढच्या भेटीत नक्की विचारा. वागणुकीत बदल दिसत असेल तर भेटीची वाट बघू नका, फोन करा.

मिस्टरांच्या थेंबांविषयी मला जास्त ठामपणे बोलायचं आहे. दोन मिनिटांत नाक मोकळं करणारे थेंब म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून लगेच वाट मोकळी होते. तीन दिवस, फार तर पाच, एवढीच त्यांची मर्यादा. त्यापुढे वापरलं की औषध उतरताच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, नाक पुन्हा बंद, पुन्हा थेंब. वर्षभर घालतायत म्हणजे त्यांचं नाक आता बहुधा सर्दीने बंद होत नाहीये, थेंबांनी बंद होतंय. सवय कशाची लागते असं तुम्ही विचारलंत ना, ती याची लागते. बीपी वाढणं, छातीत धडधड, झोप उडणं हेही त्याने होऊ शकतं, आणि घोळणाही फुटतो. ते घेऊ नका, आणि मुलाच्या हाती तर लागू देऊ नका.

ते सोडवायचे कसे? एकदम दोन्ही बाजूंनी बंद केले तर पहिल्या रात्री बारा वाजता मिस्टर मेडिकल शोधत फिरतील. डॉक्टरांना दाखवून स्टिरॉइडचा स्प्रे दोन्ही बाजूंना सुरू करायचा, आणि थेंब आधी एका नाकपुडीचे बंद करायचे. ती बाजू आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळी व्हायला लागते. मग दुसरी. म्हणजे सासूबाईंना भीती आहे तेच औषध त्यांच्या मुलाला थेंबांतून सोडवायला वापरलं जातं. हे त्यांना समजावून सांगा, शांतपणे, पुड्यांचं बोलणं झाल्यावर.

तुमच्या स्प्रेची अशी सवय लागत नाही. तो बंद केला तर नाक सूड उगवत नाही. काही दिवसांनी शिंका परत येतात, कारण ॲलर्जी तिथेच असते. तो लगेच काम करत नाही, पहिल्या दिवशी थोडं, आणि पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे. म्हणून "आज त्रास आहे, आज मारते" असं करण्यात अर्थ नाही. तुमचा त्रास पावसाळा सरताना येतो. तेव्हा मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजलेलं असतं, इतर गवतंही फुलतात, आणि लगोलग दिवाळीची आवराआवर, म्हणजे वर्षभराची धूळ एका आठवड्यात नाकाशी. त्रासाच्या दोन आठवडे आधी, साधारण ऑगस्टच्या अखेरीला, सुरू करा. आटोक्यात आलं की डॉक्टरांना विचारून दोनाचा एक पफ करा. कमीत कमी जेवढ्याने भागतं तेवढाच डोस, हा नियम कुठल्याही स्प्रेला लागू आहे. माळे झाडायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या, गाद्या-उशांच्या खोळी गरम पाण्यात धुवा. कांद्यावरची काळी काजळी ही बुरशीच असते. चाळीत जायचंच झालं तर एन-९५ मास्क लावून जा, ओढणीने भागणार नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल, जलनेती करणार असाल, तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं थेट नको.

कुणी "सीझनचं एक इंजेक्शन घ्या, तीन महिने बघायला नको" म्हणालं तर नको म्हणा. ते बहुतेक वेळा साठवणीचं स्टिरॉइड असतं. एकदा टोचलं की आठवडेच्या आठवडे शरीरात राहतं, शुगर, हाडं, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, सगळ्यावर परिणाम करतं, आणि काही बिघडलं तर ते परत काढता येत नाही. ॲलर्जीची म्हणून काउंटरवर सुटी मिळणारी छोटी गोळीही तपासून घ्या. बीटामेथासोन असं नाव तिच्या पाकिटावर असेल, तर ते सासूबाईंच्याच पुडीच्या जातीचं औषध आहे.

अजून एक, फारसं कुणी विचारत नाही असं. गजकर्णासाठी हल्ली इट्राकोनाझोलच्या गोळ्या कित्येक आठवडे दिल्या जातात. ती गोळी फ्लुटिकासोन आणि बुडेसोनाइड यकृतात निकामी होण्याचं काम अडवते, म्हणजे एरवी रक्तात न उतरणारं औषध उतरायला लागतं. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिर हेच करतं, आणि फार जोरात. घरात कुणालाही असं काही सुरू असेल तर नाकाचा स्प्रे चालू आहे हे त्या डॉक्टरांना सांगा. टीबी झालेला असेल किंवा उपचार चालू असतील, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, गरोदरपण असेल, तरीही आधी विचारा. गरोदरपणात स्टिरॉइड स्प्रे लागलाच तर बुडेसोनाइडचा अनुभव सगळ्यात जास्त आहे.

महिनाभर नव्या पद्धतीने मारून बघा. तरीही रक्त येत राहिलं, किंवा एकाच बाजूचं नाक बंद राहून त्याच बाजूने रक्त किंवा घाण वास येऊ लागला, तर दुर्बिणीने नाक तपासून घ्या. एकाच बाजूचा हट्टी त्रास ॲलर्जीवर ढकलून बसू नये. धूसर दिसणं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसणं, डोळा दुखणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. पुढच्या भेटीला जाताना घरातल्या चौघांची औषधं, तुमची बाटली, मुलाचा स्प्रे, पंप आणि गोळी, मिस्टरांचे थेंब, सासूबाईंची उरलेली पुडी, सगळं एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. तिथेच डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत एक पफ मारून दाखवा.